व्हीलचेअर घेऊन अल्पाका फिरवायला जाताय? या चुका टाळा

इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या एका फार्मवर अल्पाका आणि लामा (उंटाच्या कुळातले लोकरीचे प्राणी) दोर धरून फिरवायला मिळतात. तिथे आईला घेऊन जायचं ठरलं, तेव्हा फोनवर मी एकच प्रश्न विचारला होता, "व्हीलचेअर चालेल ना?" तिकडून "हो, हो" आलं आणि मी निश्चिंत झाले. पोचल्यावर पाहिलं तर गाडी लावण्याच्या जागेपासून जाड खडी, पुढे ओलं गवत. खुर्चीची पुढची लहान चाकं दहा पावलांत रुतली. नातवंडं लामा फिरवत होती आणि आई कुंपणाबाहेर बसून बघत होती. "मी इथेच बरी आहे गं," ती म्हणाली. ती बरी नव्हती, हे मला कळत होतं.

म्हणून पहिली चूक हीच: "चालेल का" एवढंच विचारणं. वाट कशाची आहे ते विचारा. खडी, गवत की डांबर? फाटक किती रुंद? चढ कुठे आहे? पावसानंतर कुठून नेता? मोठ्या चाकांची, खडबडीत जमिनीवर चालणारी खुर्ची तिथे मिळते का? अपंगांसाठीच्या साध्या टॉयलेटमध्ये मोठ्या माणसाला आडवं करून कपडे बदलायची सोय नसते. तशी गरज असेल तर 'चेंजिंग प्लेसेस' टॉयलेट कुठे आहे, हे निघण्याआधीच बघून ठेवा. आणि हे सगळं विचारताना संकोच नको. ब्रिटनच्या 2010च्या समानता कायद्यानुसार अपंग ग्राहकांसाठी वाजवी बदल करणं ही सेवा देणाऱ्याची जबाबदारी आहे.

आता सगळ्यात धोक्याची चूक. हातात जोर नाही म्हणून दोर खुर्चीच्या हाताला बांधणं, किंवा मनगटाला गुंडाळणं. असं कधीही करू नका. पूर्ण वाढलेल्या लामाचं वजन सव्वाशे किलोच्या पुढे जातं. कुत्रा दिसून तो बिथरला, तर माणसासकट खुर्ची उलटेल. (मदतनीस कुत्रा सोबत असेल तर फार्मला आधीच कळवा.) दोर हातात नुसता धरायचा, म्हणजे गरज पडली की सोडता येतो. म्होरकीला (तोंडाभोवतीच्या पट्ट्याला) दुसरा दोर लावून तो फार्मच्या माणसाकडे द्यायला सांगा. धरायचं आईने, आवरायचं त्यांनी. म्होरकी नाकावर खाली घसरलेली दिसली तर लगेच सांगा. ती डोळ्यांच्या जरा खाली, नाकाच्या हाडावर बसायला हवी. खालच्या मऊ भागावर दाब आला की त्याचा श्वास कोंडतो आणि शांत जनावरही उधळतं.

चारताना लोक चावण्याला घाबरतात. खरं तर यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे नुसती कडक हिरडी असते. तळहात सपाट ठेवला की पुरे. बोटं उघडत नसतील किंवा हात थरथरत असेल तर पसरट भांडं मागून घ्या. गोळीपेंड थोडी थोडीच द्या, कारण अधाशासारखी खाल्ली की घशात अडकते. आईने पर्समधून पोळीचा तुकडा काढला होता, मी तो परत ठेवायला लावला. पाव-पोळीने यांचं पोट बिघडतं. कुंपणाचा पाला तर मुळीच देऊ नका. यू आणि ऱ्होडोडेंड्रॉन ही इथल्या बागांमधली झाडं त्यांच्यासाठी विषारी आहेत.

या प्राण्यांचं थुंकणं बहुतेक वेळा आपल्यासाठी नसतं, खाण्यावरून त्यांचं आपसात जुंपतं. पण खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड बरोबर अल्पाकाच्या तोंडाच्या उंचीला येतं. दोन अल्पाकांच्या मध्ये भांडं घेऊन बसू नका. त्यांनी कान मागे पाडून हनुवटी वर केली की मागे व्हा. डोक्यावरून हात फिरवलेला त्यांना आवडत नाही, मानेला किंवा खांद्याला लावा.

हात धुताना एक गोष्ट हमखास राहते. लेंड्यांमधून गेलेली चाकं आपण हाताने ढकलतो. आधी चाकं आणि त्यांच्या कडा पुसा, मग साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवा, खाणंपिणं त्यानंतर. नुसत्या सॅनिटायझर जेलवर भागवू नका. जनावरांकडून येणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा जंतू जेलने मरत नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही डांबरी वाट असलेला फार्म शोधला. अर्ध्या वाटेत आईचा तपकिरी अल्पाका पाय दुमडून खाली बसला. अशा वेळी ओढायचं नाही, मागून ढकलायचंही नाही, लाथ बसू शकते. हे कळपाचे प्राणी, एकट्याने पुढे जायला बिचकतात. फार्मवरच्या मुलीने त्याच्या जोडीदाराला पुढे काढलं. आईने दोर सैल सोडला आणि वाट पाहत राहिली. जोडीदार चार पावलं गेला तसा हा 'हंऽऽ' करत उठला आणि खुर्चीच्या बरोबरीने चालू लागला.