कॉलेजमधल्या संधी हातातून निसटतात त्या कुठे? या चुका टाळा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कॉलेजांत संधींचा तुटवडा नाही. महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या आहेत, कॉलेजात काम करून मानधन मिळवायची कमवा व शिका योजना आहे, आविष्कार, युवा महोत्सव, एनएसएस, एनसीसी आहे, स्वयम या केंद्र सरकारच्या पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स आहेत. तरी दरवर्षी मुदत उलटल्यावर ऑफिसच्या खिडकीशी कोणीतरी उभं असतं आणि म्हणतं, "आम्हाला कोणी सांगितलंच नाही." मुलं खोटं बोलत नसतात. सूचना निघालेली असते, ग्रुपवर पडलेलीही असते, पण मधेच कुठेतरी अडकते. ती नेमकी कुठे अडकते ते रोजच्या कामात दिसत राहतं, म्हणून सविस्तर लिहितोय. यात विद्यार्थ्यांच्या चुका आहेत तशा कॉलेजच्या बाजूच्याही आहेत.

शिष्यवृत्ती: फॉर्म भरला, पण पैसे आले नाहीत

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, त्यामुळे इथे जरा थांबू.

जत, आटपाडी, माण, खटावकडची मुलं महाडीबीटीचा फॉर्म बहुतेक वेळा गावातल्या नेट कॅफेत नाहीतर महा-ई-सेवा केंद्रात भरतात. गर्दी असते, एसटीची वेळ झालेली असते. मग केंद्रवाला संपर्कासाठी स्वतःचाच मोबाइल नंबर आणि ईमेल टाकून मोकळा होतो. युजर आयडी आणि पासवर्डही त्याच्याच वहीत राहतो. पुढे काय होतं? अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाकडे येतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, तिथून त्या-त्या विभागाच्या कार्यालयाकडे जातो. यातल्या कुठल्याही टप्प्यावर दाखला अस्पष्ट आहे, टक्केवारी चुकली आहे, असं म्हणून अर्ज दुरुस्तीसाठी परत येऊ शकतो. त्याचा मेसेज जातो केंद्रवाल्याला. मुलगी मात्र घरी निश्चिंत, कारण तिच्याकडे फॉर्मची प्रिंट आहे. मुदत संपते आणि अर्ज तसाच पडून राहतो.

म्हणून फॉर्म कुठेही भरा, पण नंबर स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा द्या, पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा आणि आठवड्यातून एकदा स्वतः लॉगिन करून अर्ज कुठवर गेलाय ते बघा. मोबाइलवर पाच मिनिटांत होतं.

दुसरी अडचण बँकेची. "माझ्या खात्याला आधार लिंक आहे," असं प्रत्येक जण सांगतो. खातं काढताना केवायसीला आधारची झेरॉक्स दिली, एवढाच बऱ्याचदा त्याचा अर्थ असतो. सरकारी पैसे आधारवरून खात्यात यायचे तर बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे त्या खात्याचं आधार सीडिंग, म्हणजे आधार क्रमांकाशी जोडणी, झालेलं असावं लागतं. त्यासाठी बँकेत वेगळा संमती अर्ज द्यावा लागतो. शिवाय एका आधारला अशा कामासाठी एका वेळी एकच खातं जोडलेलं राहतं. सीडिंग शेवटी ज्या खात्याला झालं, पैसे तिकडे जातात. कॉलेजच्या गेटबाहेर कोणी छत्री टाकून झटपट खातं काढून देत असेल, तर अंगठा लावण्याआधी हे लक्षात ठेवा. तिथे नकळत सीडिंग बदललं की शिष्यवृत्ती त्या विसरलेल्या खात्यात जाऊन बसते आणि मुलगा जुन्याच पासबुकावर एंट्री मारत राहतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. माय-आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन केलं की बँक सीडिंग स्टेटस असा पर्याय दिसतो. तिथे बँकेचं नाव आणि सीडिंग चालू आहे की बंद, हे कळतं. बँक वेगळीच दिसली तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथे जाऊन नवा संमती अर्ज भरा. शाळेत असताना पालकांसोबत काढलेलं खातं अजून तसंच असेल, तर 18 वर्षं पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी करून ते सज्ञान खात्यात बदलून घ्यावं लागतं. वर्षानुवर्षं व्यवहार नसेल तर ते निष्क्रियही झालेलं असू शकतं. हे काम जुलैत करा. फेब्रुवारीत बँकेत रांग लावून काही साधत नाही.

तिसरी गोष्ट कागदांची. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा लागतो. तलाठ्याचा अहवाल ही त्याच्या आधीची पायरी आहे, तो अपलोड केला तर अर्ज परत येणार. दाखल्याची मुदत साधारण 31 मार्चला संपते, म्हणून बारावीला काढलेला दाखला एफवायला चालेल असं धरून चालू नका. उत्पन्नाची मर्यादाही योजनेनुसार बदलते. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला 8 लाख आहे, तर अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाख. मित्राला मिळाली म्हणून मलाही तीच लागू, असं होत नाही.

आणि नाव! दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव गायब. हे पहिल्या वर्षीच दुरुस्त करून घ्या. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्या. विद्यार्थ्याची क्रेडिट जिथे जमा होतात त्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यालाही हाच घोळ आडवा येतो.

मुलींच्या फी माफीबद्दल तर फारच गैरसमज आहेत. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. ती आपोआप मिळत नाही, महाडीबीटीवर अर्ज करावाच लागतो. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ती नाही, आणि साध्या बीए-बीकॉमला हीच योजना लागू आहे असं समजून बसू नका. वसतिगृहाचा आणि मेसचा खर्चही तिच्यात धरलेला नाही.

पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे पुढे येत राहील, हीही एक समजूत. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं.

"मुदतवाढ होईलच की"

होते कधीकधी. म्हणूनच ही सवय जडली आहे. पण शेवटच्या दोन दिवसांत सर्व्हर रडत असतो, आणि मुदतवाढ झालीच तर ती विद्यापीठाच्या किंवा विभागाच्या परिपत्रकाने होते, ग्रुपवरच्या मेसेजने नाही. ऑगस्टात कृष्णेला पाणी चढलं, आयर्विन पुलाजवळची पातळी 40 फुटांच्या इशाऱ्याकडे सरकली की सांगलीत लगेच "सगळ्या तारखा पुढे गेल्या" असे मेसेज फिरू लागतात. परीक्षा पुढे गेली म्हणजे शिष्यवृत्तीची तारीखही पुढे गेली, असं नसतं. ती दोन वेगळी कार्यालयं आहेत.

फॉरवर्ड आलं की आधी वर्ष बघा

जुन्या सूचना दरवर्षी नव्याने फिरतात. परिपत्रकावर जावक क्रमांक, दिनांक आणि सही आहे का ते बघा. नुसता फोटो असेल, वरचा भाग कापलेला असेल, तर तीच सूचना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सापडते का ते तपासा. नाही सापडली तर ऑफिसात विचारा, विचारायला लाजू नका.

इंटर्नशिपच्या नावाखाली पैसे मागणाऱ्यांपासून तर फारच जपून राहा. "घरबसल्या प्रमाणपत्र, फक्त नोंदणी शुल्क" असं कोणी म्हटलं की तिथेच थांबा. पंतप्रधान इंटर्नशिप योजना 2024 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून तिच्या नावानेही फोन येतात. त्या योजनेला नोंदणी शुल्क नाही. ती सुरू झाली तेव्हाच्या नियमांत पूर्णवेळ शिकणाऱ्यांना तिच्यात जागा नव्हती, म्हणून टीवायला असताना कोणी "तुमची निवड झाली" म्हणालं तर आधी योजनेच्या संकेतस्थळावर सध्याचा नियम तपासा. शिष्यवृत्ती मंजूर झाली, ओटीपी सांगा, असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 ला फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

कमवा व शिका कमीपणाचं नाही

हे मला मनापासून सांगायचं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, 1924 ला ती साताऱ्यात आणली, आणि श्रम करून शिकायचं हा विचार इथल्या मातीत रुजवला. 1947 साली सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात या वाटेने किती घरांतली पहिली पदवी आली! त्याच साताऱ्यात आज एखादा मुलगा ग्रंथालयात पुस्तकं लावताना मित्रांनी बघू नये म्हणून अर्जच करत नाही, तेव्हा वाईट वाटतं.

चुका तीन होतात. जागा मर्यादित असतात आणि अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच घेतात, हे माहीत नसतं. काम केलेल्या तासांची नोंद हजेरीपत्रकात रोज होत नाही, मग महिन्याच्या शेवटी मानधनात तूट येते. आणि काम निवडताना तास आणि प्रॅक्टिकलची वेळ यांचा मेळ बघितला जात नाही. प्रयोगशाळेत, ग्रंथालयात, ऑफिसात, बागेत, जिथे काम मिळेल तिथे घ्या, आणि सही त्याच दिवशी करा.

आविष्कारला तीन दिवस आधी जाग येते

आविष्कार हा संशोधन महोत्सव राज्यात 2006 पासून भरतो. कॉलेज, जिल्हा, विद्यापीठ आणि राज्य अशा पायऱ्या चढत जायचं असतं. वेळ मिळतो, पण बहुतेक पोस्टर शेवटच्या आठवड्यात नेटवरून उचलून तयार होतात. परीक्षकाने "नमुने कुठून घेतले?" एवढं विचारलं तरी मुलं गप्प होतात.

आपल्याकडे तर विषय दारात आहेत. हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं आहेत. 2005 च्या पुरात त्यातली बरीचशी खराब झाली. पेवातल्या आणि गोदामातल्या हळदीत वर्षभराने काय फरक पडतो, हा प्रश्न बीएस्सीच्या मुलीला पेलणारा आहे. तासगावच्या बेदाणा शेडवर आर्द्रता मोजता येते. मिरजेत सतार करणाऱ्या घरांत भोपळा कुठून येतो, किती दिवस वाळतो, पुढची पिढी या कामात आहे का, हे विचारत फिरलं तरी मानव्यशास्त्राचा चांगला प्रकल्प उभा राहतो. साताऱ्यात कास पठार आहे, माणदेशातली जलसंधारणाची कामं आहेत. जूनमध्ये विषय ठरवा, पावसाळ्यात माहिती गोळा करा, दिवाळीपर्यंत मांडणी. एवढं केलं की प्रश्नांना घाबरायचं कारण उरत नाही, कारण शेडवर तुम्ही स्वतः गेलेले असता.

एमएच्या पहिल्या वर्षाला चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आलंय, त्यातही हेच. ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का घेऊन येऊ नका. एपीएमसीतल्या अडत दुकानात हिशेब बघायला बसलात तरी खूप शिकाल.

एनसीसी आणि एनएसएसबद्दल थोडक्यात. एनसीसीला पहिल्याच वर्षी नाव घाला. तिसऱ्या वर्षी सी प्रमाणपत्राची परीक्षा असते, एसवायला आलेल्याची ती वर्षं भरत नाहीत. ज्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं फौजींचं गाव आहे आणि 1961 मध्ये देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली, तिथल्या मुलांनी लष्कराच्या एनसीसी स्पेशल एंट्रीची, म्हणजे एनसीसीतून अधिकारी होण्याच्या वाटेची, माहिती नसल्यामुळे मागे राहू नये. त्यासाठी सी प्रमाणपत्राला बी किंवा त्यावरची श्रेणी हवी, हे डोक्यात ठेवा. एनएसएसचे दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर, दोन्ही लागतं. नुसतं शिबिर करून प्रमाणपत्र मागू नका.

प्राध्यापकांनी टाळायच्या चुका

शोधनिबंधासाठी "तीन दिवसांत प्रसिद्धी, आयएसएसएनसह" (नियतकालिकाच्या नोंदणी क्रमांकासह) असे मेसेज येतात, त्यांच्याकडे फिरकू नका. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी 2025 च्या फेब्रुवारीत बंद झाली, त्यामुळे "केअर लिस्टेड" म्हणून आजही पैसे मागणारा सरळ फसवतोय. आता नियतकालिक पारखायची जबाबदारी आपली आणि कॉलेजची आहे. संपादक मंडळातल्या दोघा-तिघांना ईमेल करून ते खरंच तिथे आहेत का, हे विचारलं तरी बरंच कळतं.

स्वयमवर शिकणं फुकट असतं, परीक्षेची नोंदणी वेगळी असते आणि तिला फी असते. ती तारीख चुकवून कोर्स अर्धवट राहिलेले शिक्षक आणि विद्यार्थी दोन्ही भेटतात. स्वयमवरच्याच, आयआयटींच्या एनपीटीईएल कोर्सला असाइनमेंटचे 25 आणि परीक्षेचे 75 गुण धरतात. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये किमान 10 आणि परीक्षेत किमान 30 लागतात, म्हणजे शेवटच्या परीक्षेवर सगळं सोडता येत नाही.

आता सूचनेबद्दल. नऊ पानांची पीडीएफ ग्रुपवर टाकून खाली "माहितीस्तव" लिहिणं म्हणजे सूचना देणं नव्हे. ज्या मुलाकडे घरात एकच मोबाइल आहे आणि रोजचा डेटा संध्याकाळी संपतो, तो ती उघडणारच नाही. पीडीएफच्या वर एवढं तरी लिहा:

"कमवा व शिका योजनेचे अर्ज सुरू. एफवाय ते एमए, सर्व शाखा. अर्ज विद्यार्थी विकास विभागात मिळेल. सोबत उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुकाची झेरॉक्स. शेवटचा दिवस शुक्रवार, दुपारी दोनपर्यंत. अडचण असेल तर मधल्या सुट्टीत भेटा."

हेच वर्गात तोंडी सांगा, फलकावर मोठ्या अक्षरांत लावा, आणि मुदतीच्या तीन दिवस आधी पुन्हा टाका. ज्या मुली एसटीच्या वेळेमुळे शेवटचा तास सोडून जातात, त्यांच्यापर्यंत दुपारी तीनची घोषणा पोहोचत नाही. ती सकाळच्या तासाला करा.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना तर बहुतेक वेळा कुठल्याच ग्रुपवर घेतलेलं नसतं. संगणक प्रशिक्षण, कार्यशाळा, त्यांच्या मुलांसाठीच्या सवलती यांची पत्रं प्राचार्यांच्या टेबलावरून फाइलला लागतात. लिपिक, ग्रंथालय परिचर, प्रयोगशाळा सहायक यांचा वेगळा ग्रुप करा, आणि आवक रजिस्टरमध्ये असं पत्र चढलं की त्याच दिवशी त्याचा फोटो तिथे टाकायचं काम एका माणसाच्या नावाने नेमून द्या.