बहुराष्ट्रीय कंपनीत नवनिर्मितीची घडी कशी बसवावी

अनेक देशांत संशोधन केंद्रे असलेल्या कंपनीत नव्या उत्पादनाची जबाबदारी आपल्याकडे आली, तर अंदाजपत्रकाच्याही आधी एक गोष्ट ठरवून घ्यावी : अंतिम निर्णय कोणत्या देशात होणार? मुख्यालयात तयार झालेल्या यंत्रातून काही सुविधा कमी करून ते इतर देशांत विकण्याची पद्धत सोयीची वाटते. परंतु ज्या ग्राहकाची गरजच वेगळी आहे, त्याला अशी वस्तू महाग तर पडतेच, शिवाय गैरसोयीचीही ठरते.

या बाबतीत जीई (जनरल इलेक्ट्रिक) या अमेरिकी कंपनीच्या चीनमधील सोनोग्राफी यंत्राचे उदाहरण बारकाईने अभ्यासण्याजोगे आहे. तिची अमेरिका आणि जपानसाठी घडवलेली, लाख डॉलरच्या घरातील यंत्रे चीनमधील ग्रामीण रुग्णालयांना परवडत नव्हती आणि सहज हलवताही येत नव्हती. चीनमधील वूशी शहरातील कंपनीच्या पथकाने २००२ मध्ये लॅपटॉपवर चालणारे सुटसुटीत यंत्र आणले. त्याची किंमत ३० ते ४० हजार डॉलर होती आणि २००७ पर्यंत साध्या प्रकाराची किंमत १५ हजारांपर्यंत उतरली. हे शक्य झाले, कारण यंत्रातील बरेचसे काम हार्डवेअरऐवजी सॉफ्टवेअरकडून करून घेण्याची कल्पना कंपनीच्या इस्रायलमधील गटाकडे आधीच आकार घेत होती आणि ती वूशीच्या पथकापर्यंत पोहोचली.

म्हणून पथक स्थानिक असावे, पण एकाकी नसावे. आराखडा, सुट्या भागांची खरेदी, उत्पादन आणि विक्री यांचे अधिकार त्याच्याकडे द्यावेत. मात्र इतर देशांतील प्रयोगशाळांकडून ज्ञान मागण्याचा हक्कही त्याला लेखी द्यावा, कारण केवळ सदिच्छेवर असे सहकार्य फार काळ टिकत नाही. हे पथक थेट वरिष्ठ अधिकाऱ्याच्या अखत्यारीत ठेवावे. वूशीच्या पथकाला सोनोग्राफी विभागाचे प्रमुख ओमर इशराक यांचे पाठबळ होते आणि माझ्या मते ही बाब तंत्रज्ञानाइतकीच निर्णायक होती. प्रस्थापित बाजारपेठेतील नफ्याचे निकष नव्या प्रकल्पाला पहिल्याच वर्षी लावले, तर तो हमखास बंद पडतो. त्याऐवजी कोणती शंका किती खर्चात आणि किती दिवसांत दूर झाली, हे मोजावे.

ग्राहकाचे निरीक्षण त्याच्या घरी जाऊनच करावे. जिलेटने भारतासाठी बनवलेला एक रेझर आधी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून तपासून घेतला होता. त्यांच्याकडे नळाला वाहते पाणी होते. भारतातील असंख्य पुरुष मात्र मगभर पाण्यात दाढी करत, त्यामुळे पात्यात अडकलेले केस निघेनात. पुढे भारतीय घरांत प्रत्यक्ष पाहणी करून २०१० मध्ये आणलेला एका पात्याचा जिलेट गार्ड धुवायला सोपा होता, आणि त्याची किंमत होती अवघी १५ रुपये.

कायद्याची बाजू प्रकल्पाच्या आरंभीच तपासावी. पुण्यातील अभियंते आणि परदेशातील मुख्यालय मिळून काम करत असतील, तर पेटंट कायद्याच्या कलम ३९ चे भान हवे : भारतात राहणाऱ्या संशोधकाला परदेशात अर्ज करण्यापूर्वी पेटंट कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी लागते, किंवा आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. त्यासाठी कोणती कल्पना कोणाला आणि कोठे सुचली, याची तारीखवार नोंद पहिल्या बैठकीपासून ठेवावी.

शेवटचा टप्पा उत्पादन इतर देशांत नेण्याचा. चीनसाठी घडलेले सोनोग्राफी यंत्र अमेरिकेत रुग्णवाहिकांत आणि तातडीच्या उपचार कक्षांत उपयोगी पडले, म्हणजे जेथे मोठे यंत्र पोहोचतच नव्हते तेथे. स्वस्त यंत्रामुळे आपल्या महाग यंत्राची विक्री घटेल, अशी धास्ती श्रीमंत देशांतील विक्री विभागाला वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून त्यांच्याशी आधी बोलून नवे ग्राहक कोणते ते निश्चित करावे आणि स्वस्त यंत्र विकणाऱ्याचे कमिशन बुडणार नाही, अशी तरतूद विक्रीला सुरुवात होण्यापूर्वीच करावी.