ऊन घेतलं तरी झोप लागत नाही? या चुका टाळा

रोज सकाळी ऊन खातो, रात्री फोनचा पडदा पिवळा करतो, तरी बारापर्यंत डोळा लागत नाही. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत ही तक्रार ऐकू येते. बऱ्याचदा उपाय बरोबर असतो, वेळ चुकलेली असते.

आधी ड जीवनसत्त्व आणि झोप यांची गल्लत सोडा. ड जीवनसत्त्व त्वचेत तयार होतं, त्याला अतिनील किरण लागतात आणि ते दुपारच्या आसपास जास्त असतात. शरीराचं घड्याळ मात्र डोळ्यांवाटे लागतं. दृष्टिपटलातल्या काही पेशी मुख्यतः निळसर उजेड टिपून दिवस उजाडल्याचं मेंदूला कळवतात. त्यामुळे अकराच्या उन्हात पाठ शेकून झोपेचं गणित सुटत नाही, आणि घड्याळासाठी कातडी भाजून घ्यायचीही गरज नाही. मोकळ्यावरची सावली चालते. सूर्याकडे टक लावून मात्र बघू नका, कोवळा असला तरी.

पावसाळ्यात दार लावून बसणं

आपल्याकडची ही खास चूक. 'भायर काळोखच आसा, वचून कितें करतलो?' (बाहेर काळोखच आहे, जाऊन काय करणार?) म्हणत लोक ट्यूबलाइटखाली बसतात. घरात साधारण 100 ते 300 लक्स (उजेड मोजण्याचं एकक) उजेड असतो. आभाळ भरलेलं असतानाही दिवसा बाहेर तो सहसा हजारांत जातो, कडक उन्हात 1 लाखापर्यंत. डोळा जुळवून घेतो म्हणून फरक जाणवत नाही, एवढंच. जुन्या घरांत तर खोल माजघर, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या आणि खाली उतरलेलं छप्पर. तिथे सकाळी नऊलाही दिवा लागतो. तेव्हा पागोळ्या गळत असल्या तरी चहा आणि पेपर घेऊन ओट्यावर किंवा बाल्कांवात (दारापुढच्या उघड्या बैठकीत) अर्धा तास बसा. राजांगण, म्हणजे घराच्या मधला उघडा चौक असेल तर त्याहून बरं.

दोनला झोपणाऱ्याने पाचचा गजर लावणं

ही चूक कुणाच्या लक्षातच येत नाही. शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी सर्वांत कमी असतं. त्याच्या आधी डोळ्यांवर पडलेला लख्ख उजेड घड्याळ मागे ढकलतो, म्हणजे झोप उशिरा येते; नंतरचा पुढे आणतो, म्हणजे झोप लवकर येते. रात्री दोनला झोपून नऊला उठणाऱ्याने पहाटे पाचला सगळे दिवे लावले, तर शरीर तो उजेड संध्याकाळचा समजतं आणि झोप लागायची वेळ आणखी लांबते. त्याने उठल्याबरोबर बाहेर यावं आणि गजर दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे घ्यावा. रविवारी अकरापर्यंत लोळलात तर आठवड्याची मेहनत पाण्यात. जत्रेच्या नाटकाची एखादी रात्र माफ!

आठला झोपून तीनला जागे होणाऱ्या आजोबांचं उलट. पहाटे फिरायला पाठवून त्यांची झोप आणखी अलीकडे सरकते. त्यांना संध्याकाळी पाच-साडेपाचला बाहेर न्या आणि रात्री जेवणापर्यंत खोली उजळ ठेवा. मोतीबिंदू असेल तर डोळ्यात उजेड कमी पोचतो, तेही तपासून घ्या.

रात्री फोन पिवळा आणि डोक्यावर पांढराशुभ्र एलईडी, असा प्रकार घरोघरी दिसतो. जेवणानंतर वरचा दिवा बंद करून कोपऱ्यात 2700 केल्विनचा पिवळसर बल्ब लावा. फोनची रंगछटा बदलण्याआधी त्याचा उजेड कमी करा.

रात्रपाळी सुटल्यावर उन्हात गप्पा

वेर्ण्याच्या कारखान्यांत किंवा हॉटेलांत रात्र काढणाऱ्यांनी सुटल्यावर टपरीवर उन्हात चहा घेत थांबू नये. पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात भरपूर उजेडात काम करा, पुढे तो कमी करा. परतताना गडद चष्मा घाला, घरी जाड पडदे लावा. पण स्वतः स्कूटर चालवत असाल तर हा चष्मा नको. पेंगुळलेल्या माणसाला रस्त्यावर उजेडच जागं ठेवतो. बस मिळत असेल तर बसनेच या.

बाहेरच्या उजेडाऐवजी वापरायचा बाजारातला 10,000 लक्सचा दिवा आणण्याआधी, दृष्टिपटलाचा आजार, बायपोलर विकार असेल किंवा ज्यांनी उजेड सोसवत नाही अशी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. दोन-तीन आठवडे वेळा पाळूनही दिवसा गाडी चालवताना डुलकी येत असेल आणि घरचे घोरण्याची तक्रार करत असतील, तर ती गोष्ट उजेडाने सुटायची नाही. झोपेची तपासणी करून घ्या.