मावळ्याच्या शेल्यावर नक्षी काढायचीये?

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आणले की शेला बहुतेकदा नुसता लाल फासलेला असतो, त्यावर नक्षी आपणच काढायची. ब्रश ट्रिपल झिरोच (000, म्हणजे एकदम बारीक) हवा असं काही नाही, उलट त्यात रंग मावतच नाही, टोकावरच सुकतो, त्यापेक्षा 1 नंबरचा टोकदार घ्या. अ‍ॅक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करा, ब्रश आधी टिश्यूला टेकवा मग मूर्तीला. वेल डायरेक्ट काढू नका, रांगोळीसारखे आधी सारख्या अंतरावर ठिपके द्या आणि मग जोडा, घडीत रेघ तुटली तर तुटू दे, खऱ्या कापडावरही तसंच दिसतं. मनगटं एकमेकांना टेकवली की हात थरथरत नाही. चुकलं तर पुसत बसू नका, सुकू द्या आणि वरून परत लाल मारा.