कथाबीज हाती लागत नसेल तर

'गोदावरीच्या पुरावर कथा लिहितोय' असं कोणी म्हणालं, की समजावं, बीज अजून सापडलेलं नाही. पूर हा नुसता विषय. बीज म्हणजे त्या पुरात एखाद्या माणसापुढे उभा राहिलेला पेच.

समजा, भांडी बाजारातला एक दुकानदार आहे. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी येते. (नाशिककर पूर मोजतात तो या मारुतीवरूनच.) माल हलवायला याच्याकडे टेम्पो एकच. शेजारचं दुकान धाकट्या भावाचं. वाटणीवरून बोलणं बंद, आणि भाऊ नेमका परगावी. दुकानाची किल्ली मात्र भावजयीने मुकाट्याने याच्या गल्ल्यावर आणून ठेवलीय. आता टेम्पो आधी कोणाच्या दारात लावायचा? कथा इथे सुरू होते.

हा पेच एका वाक्यात लिहा: कोणाला काय हवंय आणि त्यापायी काय सोडावं लागणार. वाक्य आवरेना झालं तर बहुधा दोन कथा एकमेकींत अडकल्यात; एक वहीत राहू द्या. 'शेवटी रक्ताचं नातंच खरं' असलं काही उतरलं तर ते तात्पर्य झालं, ते शाळेच्या निबंधाला बरं.

मग मसुद्यातला एकेक प्रसंग त्या वाक्याशी ताडून बघा. गोदाघाटाचं वर्णन कितीही देखणं असो, टेम्पोचा निर्णय त्याने अवघड होत नसेल तर सरळ काट मारा.