घरातली बुरशी आणि न जाणारा खोकला: काय करावं?

फडकं हातात घेण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. नुसती बुरशी पुसली तर काही दिवसांत त्याच कोपऱ्यात तेच काळे ठिपके परत येतात. भिंतीला टेकलेलं कपाट हातभर पुढे ओढा. मागे कुबट वास आला, बोट लावताच रंगाचे पोपडे सुटले, तर भिंतीत ओल मुरलेली आहे. गळका पाइप, छताची भेग, खिडकीची चौकट, न्हाणीघराची भिंत, सगळं तपासा. गळती थांबेपर्यंत रंगाचा डबा उघडूच नका.

गळती नसेल, तर दोष दमट हवेचा. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा, त्यासाठी आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं. काही भिजलंच तर २४ ते ४८ तासांत कोरडं करा.

डाग साधारण तीन फूट लांब-रुंद असेपर्यंत घरीच साफ करता येतो. खिडकी उघडा, पंखा बंद ठेवा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. कोरडं खरवडू नका, बुरशीचे बीजाणू, म्हणजे ती ज्यांतून पसरते ते बारीक कण, खोलीभर उडतात. साबणाच्या पाण्याने घासा, मग पुसून कोरडं करा. ब्लीच वापरलंच, तर त्यात दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका. विषारी वायू तयार होतो. बुरशी धरलेली गादी सरळ टाकून द्या, जीव तुटला तरी.

घरात कुणाला दमा असेल, टीबी होऊन गेला असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर त्यांनी या कामापासून लांबच राहावं. अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू जेमतेम २-३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. टीबीने पडलेल्या जुन्या पोकळीत ही बुरशी गोळ्यासारखी वाढू शकते. काही दमेकऱ्यांना तिची अ‍ॅलर्जी होऊन दमा आटोक्यात येत नाही.

आणखी एक आजार फसवा. काही जणांना बुरशीशी संपर्क आल्यावर चार-आठ तासांनी ताप, खोकला, धाप सुरू होते. फ्लू समजून गोळ्या घेतल्या जातात. म्हणून तारखा लिहून ठेवा: त्रास कधी झाला, बाहेरगावी असताना कमी झाला का. तपासायला जाताना ती वही न्या आणि घरात बुरशी असल्याचं आपणहून सांगा. डॉक्टर विचारतीलच असं नाही. थुंकीतून रक्त पडलं, तर मात्र वहीबिही राहू द्या, त्याच दिवशी दवाखाना गाठा.