उन्हाळी पुन्हा पुन्हा लागत असेल तर काय करावे

लघवीला जळजळ होणे, दर पंधरा मिनिटांनी घाई लागणे आणि जाऊन बसल्यावर चार थेंबच होणे, या त्रासाला आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि दोष उन्हाला किंवा तिखटाला देऊन मोकळे होतात. परंतु हा त्रास सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षभरात तीनदा झाला, तर तो वारंवार होणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग समजतात, आणि मग दर वेळी गोळ्यांवर निभावण्यापेक्षा तो परत का येतो याचा शोध घ्यावा लागतो. बहुतेक वेळा ई. कोलाय हा आपल्याच आतड्यातला जिवाणू त्याला कारणीभूत असतो. स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर लांब आणि तिचे तोंड गुदद्वाराच्या जवळ, त्यामुळे जंतूंना मूत्राशय गाठायला वेळ लागत नाही. ही शरीराची रचना आहे, अस्वच्छपणाची खूण नव्हे. हे आधीच सांगते, कारण कित्येक बायका लाजेपोटी घरातही बोलत नाहीत.

मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोलीला कामाला जाते. वाटेत आणि कामावर स्वच्छतागृहाची पंचाईत नको म्हणून मी पाणीच पीत नसे. सकाळी भरलेली अर्ध्या लिटरची बाटली संध्याकाळी पर्समधून काढावी तर ती जवळपास तशीच भरलेली असे. त्या वर्षी मला चार वेळा संसर्ग झाला. पाण्याचा उपाय साधा वाटतो, पण त्याला चांगला आधार आहे. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रवपदार्थ घेणाऱ्या १४० स्त्रियांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ज्या गटाने रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायले, त्या गटात वर्षभरातले संसर्ग सरासरी १.७ झाले, तर इतर स्त्रियांमध्ये ३.२. म्हणून घरून निघण्यापूर्वी दोन भांडी पाणी, जेवणापर्यंत एक लिटरची बाटली आणि सुटण्यापूर्वी दुसरी, असा हिशेब ठेवावा आणि लघवीचा रंग फिका राहतो की नाही हे पाहावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी मात्र किती पाणी प्यावे हे डॉक्टरांनाच विचारावे.

प्यायलेले पाणी तुंबवून ठेवले तर उपयोग नाही, कारण साचलेल्या लघवीत जंतू वाढत राहतात. दर तीन-चार तासांनी जाऊन यावे. घोडबंदर रस्त्यावर बस दीड तास अडकू शकते, तेव्हा कामावरून निघताना लागलेली नसली तरी एकदा जावे. सार्वजनिक कमोडवर बायका अधांतरी बसतात. त्याने ओटीपोटाचे स्नायू सैल होत नाहीत आणि मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. त्यापेक्षा बैठक पुसून, वर कागद घालून नीट बसावे आणि घाई करू नये. बद्धकोष्ठ असेल तर त्याचाही उपचार करावा, कारण भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते.

धुताना हात पुढून मागे न्यावा. सुगंधी किंवा जंतुनाशक द्रावणाने योनीच्या आतून धुणे मात्र सोडून द्यावे, कारण त्याने तिथले उपकारक लॅक्टोबॅसिलस जिवाणू मरतात. समागमानंतर लघवीला जावे. शुक्राणुनाशक क्रीम वापरत असाल तर दुसऱ्या साधनाविषयी डॉक्टरांशी बोलावे. पाळी गेल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर इस्ट्रोजेन कमी झाल्याने हेच उपकारक जिवाणू घटलेले असतात, आणि योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे क्रीम तेव्हा फार गुणकारी ठरते. आपल्या घरातल्या किती सासवांना आणि आयांना हे कुणी सांगितलेलेच नसते. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणल्याशिवाय बाकीचे उपाय तोकडे पडतात.

आता औषधांविषयी. जळजळ सुरू झाली की मेडिकलमधून मागच्या वेळच्याच गोळ्या आणणे आणि दोन दिवसांत बरे वाटले की सोडून देणे, हे मीही केले आहे. त्यातून दाद न देणारे जंतू तयार होतात. प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी लघवीची कल्चर तपासणी करावी. आधी हात धुवावेत, जागा साध्या पाण्याने धुवावी, सुरुवातीची धार जाऊ द्यावी आणि मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये आणि डबी दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवावी. कोणते औषध लागू पडते हे दोन-तीन दिवसांनी येणाऱ्या अहवालातून कळते, म्हणून सगळे अहवाल तारखेनुसार एका फाइलमध्ये जपावेत. धने-जिऱ्याचे पाणी आणि नारळपाणी जरूर प्यावे, पण ते पाण्याच्या हिशेबात धरावे. क्षारयुक्त सिरपने जळजळ शमते, जंतू मरत नाहीत. क्रॅनबेरीने काही स्त्रियांमध्ये संसर्ग कमी होतात. साखर घातलेला रस टाळावा.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखणे, उलट्या किंवा लघवीतून रक्त, यांपैकी काहीही दिसले तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गर्भवती स्त्रीने साध्या जळजळीसाठीही थांबू नये.